पहिला हात ॲड्रिनलिनकडे जाऊ द्या

गांधीलमाशी डसली, एखादं इंजेक्शन सोसलं नाही, सर्पदंशाची लस चालू असताना अंगात थंडी भरली, की आमच्या भागात पहिला हात एव्हिलकडे जातो. मागोमाग डेक्सा. मग सगळे मिळून अंगावरचं पित्त बसायची वाट पाहतात. मी पिंपळगाव राजाची. सरकारी आरोग्य सेवेत परिचारिका म्हणून आयुष्य गेलं, आजूबाजूच्या तालुक्यांतल्या दवाखान्यांत दिवसपाळ्या-रात्रपाळ्या केल्या. आता निवृत्त आहे, तरी दारात येणारी माणसं थांबलेली नाहीत. जे डोळ्यांनी पाहिलं आणि जे वाचून-शिकून समजलं, त्यावरून मला ठामपणे सांगायचं आहे की ॲलर्जीचा जोराचा झटका आला तर पहिलं औषध ॲड्रिनलिन. मांडीच्या स्नायूत आणि लगेच. एव्हिल नंतर, डेक्सा त्याच्याही नंतर.

निवृत्त सिस्टर म्हणते म्हणून कुणी हे मानावं, असा माझा आग्रह नाही. शरीरात काय घडतं ते नीट समजून घेतलं, तर दुसरा क्रम सुचणारच नाही. म्हणून आधी तेच सांगते.

आपल्या कातडीखाली, घशात, श्वासनळीच्या अस्तरात, आतड्यात आणि बारीक रक्तवाहिन्यांच्या कडेकडेने मास्ट पेशी असतात. पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने १८७८ साली आपल्या प्रबंधात त्यांचं वर्णन केलं. पेशीच्या आत बारीक कण खच्चून भरलेले असतात आणि त्या कणांत हिस्टामिन आधीपासून तयार असतं. ऐनवेळी बनवायला लागत नाही. जंतांशी, विषांशी लढताना या पेशी आपल्या कामाच्याच आहेत. काही माणसांच्या शरीरात मात्र निरुपद्रवी किंवा किरकोळ गोष्टीवरही त्या उठतात.

माशी पहिल्यांदा डसते तेव्हा बहुधा सूज येते, ठणका लागतो आणि दोन दिवसांत सगळं निवतं. पण काहींच्या शरीरात त्या विषातल्या प्रथिनाविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार होतात. रक्तात ती अगदी थोडी सापडतात, कारण बरीचशी मास्ट पेशींच्या अंगावर जाऊन चिकटतात आणि आठवडेच्या आठवडे तिथेच राहतात. माणसाला काहीच कळत नाही. "बाई, याले तं मांगही डसली होती, काईच नाई झालं," हे वाक्य मी नोकरीत सर्वांत जास्त ऐकलं असेल. घरच्यांना त्यात धीर वाटतो. मला ते ऐकलं की काळजी वाटते, कारण तयारी झालेली असते ती मागच्या वेळच्या डंखातच.

पुढच्या वेळी तेच प्रथिन शरीरात आलं, की ते पेशीवरच्या शेजारशेजारच्या दोन आयजीईंना एकदम धरतं. दोन्ही जोडल्या गेल्या की पेशीच्या आत इशारा जातो, कॅल्शियम आत शिरतं, कण पेशीच्या पडद्याला येऊन भिडतात आणि आतला माल बाहेर पडतो. सोंगायला उशीर झालेल्या सोयाबीनच्या शेंगा उन्हात तडकतात आणि दाणे भुईवर सांडतात, तसंच हे. सांडलेले दाणे कुणी परत शेंगेत भरू शकत नाही. हे सगळं घडायला काही मिनिटं पुरतात. हिस्टामिनच्या मागून पेशी आणखी रसायनं नव्याने बनवून सोडते, ल्युकोट्रिन आणि प्रोस्टाग्लँडिन ही त्यांतली मुख्य. श्वासनळी आवळण्यात ल्युकोट्रिन तर हिस्टामिनपेक्षा जोरकस असतात. हे लक्षात ठेवा, एव्हिलचा विषय निघेल तेव्हा लागेल.

ही माहिती माणसांनी स्वतःच्या अंगावर प्रयोग करून मिळवली आहे. १९२१ साली जर्मनीत कार्ल प्राउसनिट्झ यांनी हाइन्झ क्युस्टनर या सहकाऱ्याच्या रक्तातला द्रव स्वतःच्या कातडीत टोचून घेतला. क्युस्टनरना मासे सोसत नसत. दुसऱ्या दिवशी प्राउसनिट्झ यांनी त्याच जागी माशाचा अर्क टोचला आणि तिथे गांधी उठली. म्हणजे ॲलर्जी घडवणारी वस्तू रक्तात आहे आणि ती एका माणसातून दुसऱ्यात जाऊ शकते, हे सिद्ध झालं. ती वस्तू नेमकी कोणती, ते कळायला पुढची पंचेचाळीस वर्षं गेली. १९६६ साली किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी नवरा-बायकोने अमेरिकेत डेन्व्हरला ती वेगळी काढली, स्वीडनमधल्या उप्सालाचे शास्त्रज्ञही पाठोपाठ तिथेच पोचले, आणि १९६८ साली तिला आयजीई हे नाव मिळालं. तेरुकोबाईंचं नाव आपल्या विज्ञानाच्या पुस्तकांत मला दिसलेलं नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहिते.

आता सांडलेलं हिस्टामिन काय करतं ते पाहा. रक्तवाहिन्या सैलावतात आणि त्यांच्या भिंतींतून पाणी झिरपू लागतं. कातडीत हे झालं तर गांधी उठतात, ओठ-पापण्या सुजतात, खाजेने माणूस बेजार होतो. एवढ्यावर थांबलं तर ठीक. आमच्याकडे अशा वेळी आमसूल चोळतात, घोंगडी पांघरायला देतात, आणि बऱ्याचदा पित्त आपोआप बसतंही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तेच पाणी घशात झिरपलं तर आवाज घोगरा होतो आणि वाट बुजते. श्वासनळ्या आवळल्या तर छाती वाजते. आणि सगळ्या शरीरात एकदम झालं तर रक्तातल्या द्रवाचा एक तृतीयांशपर्यंत हिस्सा दहा मिनिटांत वाहिन्यांबाहेर जाऊ शकतो. थेंबभर रक्त न सांडता माणसाचं रक्त आटतं. नाडी हाताला लागत नाही, हातपाय गार पडतात. यालाच ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. पोटात कळ येणं, उलटी, संडास होणं हीसुद्धा त्याचीच लक्षणं. आणखी एक लक्षण कोणत्याही यंत्रावर दिसत नाही. रोगी आपणहून सांगतो, "जीव घाबरून राह्यला, बाई." हे कुणी म्हटलं की ते भित्रेपण समजू नका. आधी नाडी पाहा.

वेळ किती असतो? ब्रिटनमध्ये डॉ. रिचर्ड पम्फ्री यांनी ॲनाफिलॅक्सिसने झालेल्या मृत्यूंच्या नोंदी तपासून २००० साली अभ्यास प्रसिद्ध केला. श्वास किंवा हृदय बंद पडेपर्यंतचा मधला काळ अन्नाच्या ॲलर्जीत ३० मिनिटं, माशीच्या डंखात १५ मिनिटं आणि दवाखान्यात दिलेल्या औषधाने झटका आला असेल तर अवघी ५ मिनिटं होता. आमच्या शिवारातून खामगावच्या सामान्य रुग्णालयात पोचायला किती वेळ लागतो, हे ज्याने त्याने आपल्या शेतापासून मोजून पाहावं.

आणि या मिनिटांत आपण देतो काय, तर एव्हिल. म्हणजे फेनिरामिन. हिस्टामिन जिथे जाऊन काम करतं त्या जागा अडवणारं हे औषध. खाज कमी करतं, गांधी बसवतं, त्यासाठी चांगलंच आहे. पण त्याचा गुण दिसायला अर्धा तास किंवा अधिक लागतो. गळलेला रक्तदाब ते वर आणत नाही, आवळलेली श्वासनळी उघडत नाही, ल्युकोट्रिनला तर हातही लावत नाही. पेशींचं फुटणं चालूच असेल तर ते थांबवत नाही. वर गुंगी येते, मग रोगी औषधाने झोपला की रक्तदाब पडून शुद्ध हरपली, हे ओळखायला कठीण. डेक्साचा, म्हणजे डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा, परिणाम तर काही तासांनी. एका दवाखान्यातून असा एक माणूस आमच्याकडे पाठवलेला मी पाहिला आहे. अंगावर एकही गांधी उरली नव्हती. नातेवाईक म्हणत होते, फरक पडला. रक्तदाब कुणी मोजलेलाच नव्हता. तो वाचला नाही.

ॲड्रिनलिन या सगळ्याच्या मुळाशी जातं. सैलावलेल्या रक्तवाहिन्या आवळतं, झिरपणं कमी करतं, श्वासनळ्या मोकळ्या करतं, हृदयाला जोर देतं, आणि ज्या मास्ट पेशी अजून फुटायच्या आहेत त्यांनाही आवरतं. ही पाचही कामं एकट्याने दुसरं कुठलंच औषध करत नाही. मोठ्या माणसाला अर्धा मिलिलिटर, लहान मुलाला वजनाच्या दर किलोला एक शतांश मिलिलिटर, एक मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम असलेल्या ॲम्प्यूलमधून. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. गरज पडली तर पाच मिनिटांनी पुन्हा. कातडीखाली नको. कॅनडात डॉ. एस्टेल सायमन्स यांनी १९९८ साली मुलांमध्ये हे मोजून दाखवलं. मांडीच्या स्नायूत दिलेलं ॲड्रिनलिन सरासरी ८ मिनिटांत रक्तात कमाल पातळीला पोचलं, कातडीखाली दिलेल्याला ३४ मिनिटं लागली. डंखाच्या रोग्याकडे ३४ मिनिटं नसतात.

मग देत का नाहीत? भीती. "ॲड्रिनलिन कायले देता, हार्ट बंद पडीन," असं मला दवाखान्यातल्याच माणसांनी सांगितलं आहे. ही भीती आली शिरेतून दिलेल्या मोठ्या मात्रेवरून, कारण तिथे हृदयाची लय खरोखर बिघडू शकते. मांडीतल्या योग्य मात्रेने हात थरथरतात, छाती धडधडते, चेहरा पांढरा पडतो आणि थोड्या वेळात ते जातं. जागतिक ॲलर्जी संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत की ॲनाफिलॅक्सिसमध्ये ॲड्रिनलिन देऊच नये असा एकही रोगी नाही, हृदयविकार असलेलाही नाही. औषध राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि महाग नाही. तरी ॲम्प्यूल कपाटाच्या मागच्या रांगेत पडून राहते.

दुसरी गोष्ट आहे मोटारसायकल. रोगी आणायची आमच्याकडची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. पुढे चालवणारा, मागे धरणारा आणि मधे रोगी ताठ बसवलेला. माणसं जिवाच्या आकांताने आणतात, त्यांना दोष कोण देईल? पण रक्त आटलेल्या माणसाला ताठ बसवलं की उरलंसुरलं रक्त पायांकडे उतरतं आणि हृदयात यायला काही राहत नाही. पम्फ्री यांनीच पुढे दाखवलं की काही मृत्यू रोग्याला उठवून बसवल्यावर किंवा उभं केल्यावर काही क्षणांत झाले होते. ज्ञानगंगेच्या बाजूच्या शिवारातून कापूस वेचताना गांधीलमाश्यांनी डसलेली एक बाई अशीच आली होती. निघताना बोलत होती म्हणे, दारात उतरवली तेव्हा मान टाकलेली. डॉक्टरांनी तिला फरशीवरच आडवं केलं, पायांखाली स्टूल घातलं, ॲड्रिनलिन मांडीत दिलं, मी सलाइन लावलं. दुसरी मात्रा द्यावी लागली. मग तिने पाणी मागितलं. ते डॉक्टर नवे होते, वयाने माझ्या मुलाएवढे, आणि त्यांचा हात क्षणभरही अडखळला नाही. तेव्हापासून मला कुणी म्हणालं की हे मोठ्या शहरातलं काम आहे, तर मला ते पटत नाही.

म्हणून शेतात कुणाला असं झालं तर तिथेच आडवं करा, पाय उंच ठेवा, १०८ ला फोन करा. धाप लागली असेल तर पाठीला टेका द्या, पण पाय लांब सोडलेले असू द्या. उलटी होत असेल किंवा शुद्ध नसेल तर कुशीवर. गाडी यायला उशीर होणार असेल तर टेम्पो, पिकअप, ट्रॅक्टरची ट्रॉली, जे मिळेल त्यात आडवं घालून आणा. चालत तर मुळीच नको.

सर्पदंशाचं थोडं विस्ताराने सांगायला हवं, कारण तिथे या भीतीची किंमत सर्वांत मोठी आहे. २००० ते २०१९ या काळात आपल्या देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालणारी लस घोड्यांच्या रक्तापासून बनते. हाफकिनची लस पिंपरीला तयार होते. घोड्याची प्रथिनं माणसाच्या रक्तात गेली की पुष्कळांना रिॲक्शन येते, हे खरं आहे. आणि त्या रिॲक्शनच्या धास्तीने रोग्याला लस न देता पुढे पाठवलं जातं. इथून खामगाव, खामगावहून अकोला. तोवर विष आपलं काम करत असतं.

काही ठिकाणी अजूनही आधी थोडी लस कातडीत टोचून पाहतात. त्याला अर्थ नाही, आणि कारण पुन्हा मास्ट पेशीतच आहे. लशीची रिॲक्शन बहुतेक वेळा आयजीईमधून येतच नाही. आयजीईशिवायही मास्ट पेशी फुटू शकतात, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा लस घेणाऱ्यालाही झटका येतो. कातडीवरची चाचणी शोधते आयजीई. मग ती भाकीत करणार कशाचं? केंद्र सरकारच्या २००९ च्या सर्पदंश उपचारपद्धतीत चाचणी करू नका असं सांगितलेलं आहे. श्रीलंकेत आपल्याच देशात बनलेली लस वापरतात. तिथल्या डॉक्टरांनी हजाराहून जास्त रोग्यांवर केलेला अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. लशीच्या आधी ॲड्रिनलिनची छोटी मात्रा दिल्यावर पहिल्या तासातल्या गंभीर रिॲक्शन ४३ टक्क्यांनी कमी झाल्या. एव्हिलच्याच जातीचं प्रोमेथाझिन आणि हायड्रोकॉर्टिसोन देऊन काही फायदा दिसला नाही. २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्मे करायचे, असा राष्ट्रीय आराखडा केंद्राने २०२४ साली जाहीर केला. लस टोचणाऱ्याच्या शेजारी ॲड्रिनलिन भरलेली सिरिंज आणि ती वापरायची हिंमत, हे दोन्ही नसेल तर तो आराखडा आमच्या गावापर्यंत येणार कसा?

इथे एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे. विंचू चावला म्हणून ॲड्रिनलिन देऊ नका. लाल विंचवाच्या विषाने शरीरातूनच ॲड्रिनलिनसारखी रसायनं पुराप्रमाणे सुटतात आणि हृदय थकतं. तिथे हिस्टामिनचा संबंध गौण, म्हणून एव्हिल-डेक्साचाही उपयोग नाही. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन वापरून हे मृत्यू किती खाली आणले, ते जगाने मान्य केलं. ते मूळचे शेजारच्या जालना जिल्ह्यातले. कोकणातल्या सरकारी दवाखान्यात बसून, एकेका रोग्याच्या उशाशी रात्र काढून त्यांनी नेहमीचं इंजेक्शन का चालत नाही हा प्रश्न विचारला. गाजरगवताने हात-मान फुटतात तेही वेगळं. ते काम दुसऱ्या पेशींचं, एक-दोन दिवसांनी दिसणारं, आणि त्यातही एव्हिल फारसं उपयोगी नाही. खाज आणि डंख दिसला की एव्हिल, ही सवय विचार न करता लागलेली आहे आणि ती सुटली पाहिजे.

माझी मागणी सरकारला नवीन वाटू नये. २०२१ साली कोविडची लस दिल्यावर प्रत्येकाला अर्धा तास बसवून ठेवत होतो, ते याच झटक्यासाठी. लसीकरणाच्या दिवशी एएनएम सिस्टरजवळ ॲनाफिलॅक्सिसचं किट असतं आणि बाळाला झटका आला तर ॲड्रिनलिनची पहिली मात्रा तिने स्वतः द्यावी, अशी परवानगी केंद्राच्या सूचनांत आहे. ज्या सिस्टरवर आपण तान्ह्या बाळाचा भरवसा ठेवतो, तिनेच दुसऱ्या दिवशी आग्यामोहोळ उठून डसलेल्या शेतकऱ्यापुढे हात बांधून उभं राहायचं, हे कोणत्या न्यायाने? लसीकरणाचा वार असो नसो, प्रत्येक उपकेंद्रातल्या सिस्टरला आणि समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला ही परवानगी लेखी मिळाली पाहिजे. वयाप्रमाणे मात्रेचा मराठी तक्ता भिंतीवर हवा, वर्षातून एकदा सराव हवा. गावातल्या खासगी डॉक्टरांनाही त्या सरावाला बोलवा, कारण रोगी आधी त्यांच्याकडेच जातो.

आणि ॲम्प्यूल बदलत राहा. ॲड्रिनलिनला उजेड आणि उष्णता सोसत नाही, रंग गुलाबी-तपकिरी झाला की ते टाकायचं. आमच्याकडे मे महिन्यात पत्र्याखाली काय तापतं ते मी अंगावर घेतलं आहे. रुग्ण कल्याण समितीची बैठक होते तेव्हा सदस्यांनी रंगरंगोटीच्या बिलाआधी ते खोकं मागवावं आणि तारीख वाचावी. ग्रामसभेत कुणीही उठून विचारावं की आपल्या उपकेंद्रात आज ॲड्रिनलिन आहे का आणि ते द्यायला कोण शिकलेलं आहे.

झटका आवरल्यावर रोग्याला लगेच घरी नेऊ नका, एवढं घरच्यांना सांगायचं राहिलं. मास्ट पेशींनी बोलावून घेतलेल्या दुसऱ्या पांढऱ्या पेशी काही तासांनी त्या जागी पोचतात आणि काही जणांना सगळं निवळल्यावर पुन्हा झटका येतो. म्हशींचं दूध काढायचं राहिलं, पोरं घरी एकटी आहेत, हे सगळं मला माहीत आहे. तरी डॉक्टर सोडेपर्यंत थांबा, आणि जाताना कशामुळे झालं ते कागदावर लिहून मागा. तो कागद आधार कार्डाच्या पाकिटात ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी इंजेक्शन देणारा आधी तो वाचेल.